वास किती वेळ टिकतो, त्यावर निरोप ठरतो

प्रश्न असा आहे: मुंग्या वासानं बोलतात म्हणजे नेमकं काय करतात? कपाशीत लावतात तो कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष लावून नर पतंग पकडणारा, त्याच तत्त्वावर चालतो का? आणि चालत असेल, तर सापळे लावूनही बोंडअळी का येते? तिन्ही प्रश्न एकत्र आले हे बरं झालं. पहिल्याचं उत्तर नीट कळलं की तिसऱ्याचं अर्धं उत्तर हातात येतं. मी कीटकशास्त्राचा माणूस, नोकरीची बहुतेक वर्षं विदर्भातल्या कापूस पट्ट्यात गेली. त्यामुळे सुरुवात मुंगीपासून केली तरी मी शेवटी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

कीटकाच्या कुठल्याही वासाबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात. हा वास टिकतो किती वेळ? आणि तो कुणासाठी सोडलाय? रेणू लहान आणि हलका असेल तर तो पटकन उडतो, दूर पसरतो आणि तितक्याच लवकर विरतो. लांब साखळीचा, मेणासारखा जड असेल तर अंगाला चिकटून राहतो. धोक्याचा इशारा मिनिटभरात विरायला हवा, नाहीतर वारूळ दिवसभर पिसाळलेलं राहील. वाटेची खूण त्याहून थोडी जास्त टिकायला हवी. आणि 'ही आपल्या घरातली' ही ओळख तर कायम अंगावरच हवी. एका जातीच्या कीटकांमध्ये असे निरोप नेणाऱ्या रसायनांना 'फेरोमोन' हे नाव पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी १९५९ मध्ये दिलं.

आता ओट्यावरची मुंगी. साखरेच्या दाण्यापर्यंत पोचणारी पहिली मुंगी बहुधा भटकत भटकतच तिथं आलेली असते. तिचं येणं सोडा, परत जाणं भिंगातून बघा. पोट खाली झुकवलेलं, त्याचं टोक मधूनमधून जमिनीला टेकवत ती चाललेली दिसेल. पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून ती रसायनाचा अतिसूक्ष्म माग सोडत जाते. मागून येणाऱ्या मुंग्या मिशा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत शृंगिका, जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत त्या मागावरून चालतात. एका बाजूचा वास कमी लागला की दुसरीकडे वळतात, म्हणून त्यांची चाल जवळून पाहिली तर किंचित नागमोडी असते. अन्न चांगलं असेल तर परतताना त्याही खूण टाकतात. साखर संपली की रिकाम्या हातानं परतणारी मुंगी खूण टाकत नाही, आणि मागाचा जोर आपोआप ओसरतो. 'आता तिकडे जाऊ नका' असं कुणाला सांगावं लागत नाही, कुणी हुकूमही देत नाही.

आगमुंगीवर हे काम अमेरिकेतल्या ई. ओ. विल्सन यांनी केलं. तिच्या पोटातल्या ड्यूफोर ग्रंथीचा अर्क काचेवर ओढला की मुंग्या त्या रेघेवरून धावत सुटतात, हे त्यांनी दाखवलं. एकट्या मुंगीनं टाकलेला माग साधारण दोन मिनिटांत विरतो. हा दोष वाटेल, पण खरी ताकद यातच आहे. जवळच्या वाटेवरून मुंग्या लवकर ये-जा करतात, म्हणून त्या वाटेवर खूण विरायच्या आत नवी पडते. लांबच्या वाटेवर आधीची उडून गेलेली असते. ब्रसेल्समध्ये दनूबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटिनी मुंग्यांना अन्नाकडे जाणारे दोन पूल दिले, एक आखूड आणि एक लांब. थोड्या वेळानं जवळपास सगळी रहदारी आखूड पुलावरून सुरू झाली. मार्को डोरिगो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच हिशेबावर संगणकासाठी मार्ग शोधण्याची पद्धत बांधली.

सगळेच माग मात्र असे अल्पायुषी नसतात. घराघरांत दिसणारी बारीक पिवळसर फॅरो मुंगी जास्त टिकणाऱ्या आणि पटकन उडणाऱ्या, अशा दोन्ही खुणा वापरते. वाट जिथं फुटते तिथं निरुपयोगी फाट्यावर 'इकडे नको' अशी वेगळी खूणही टाकते. हे २००५ मध्ये सिद्ध झालं. आणि हे सगळं किती थोड्या मालात! अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या अट्टा मुंग्यांचं मागाचं रसायन १९७१ मध्ये ओळखलं गेलं. ते एवढं प्रभावी निघालं की हिशेबानं एक मिलिग्रॅममध्ये पृथ्वीभोवती माग ओढून होईल.

घरातल्या उपायांबद्दल हमखास विचारणा होते, म्हणून इथंच सांगतो. ओल्या फडक्यानं, साबणाच्या पाण्यानं किंवा व्हिनेगरनं ओळ पुसली की माग जातो, मुंग्या गडबडतात, पण अन्न तिथंच असेल तर तास-दोन तासांत नवी ओळ तयार. हळद किंवा कापूर आडवा टाकला तर त्या वळसा घालतात, एवढंच. मुंग्यांचा खडू वासानं अडवतो अशी समजूत आहे. खरं तर त्यात पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं, म्हणून तो अन्नाच्या डब्यांजवळ आणि लहान मुलांच्या हाताशी ओढू नये. माझं मत विचाराल तर ओळ पुसूच नका, तिचाच उपयोग करा. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्याचा कापसाचा बोळा ओळीच्या कडेला ठेवा. एवढ्या कमी प्रमाणात मुंगी लगेच मरत नाही. ती माग टाकत घरी जाते, बाकीच्यांना बोलावते आणि पोटातलं औषध आत वाटते. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेवढी कळ काढता आली पाहिजे. बोळा मुलं आणि पाळीव जनावरं यांच्यापासून दूर ठेवा. गोडाला तोंड न लावणाऱ्या, तेलकटावर जाणाऱ्या मुंग्यांना हे चालत नाही.

धोक्याच्या वासाकडे येऊ. मधमाशीचा डंख आकडेदार असतो. माशी उडून जाते, पण डंख, विषाची पिशवी आणि ग्रंथी कातडीतच राहतात, आणि पिशवी थोडा वेळ आपोआप धडधडत राहते. त्यातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेटचा, हे १९६२ मध्ये कळलं. बाकीच्या माश्यांना हा वास 'इथं मारा' असं दाखवतो. म्हणूनच आग्या मोहोळाच्या वाटेला गेल्यावर एक डंख बसला की त्याच जागी दुसरा, तिसरा बसतो. डंख नखानं खरवडून तत्काळ काढा, तिथं उभं न राहता लांब जा, मग जागा पाण्यानं धुवा. मधपेटी उघडताना धूर देतात त्यामागेही हेच आहे: धुरानं माशीच्या शृंगिकांची हा इशारा ओळखण्याची क्षमता काही वेळ मंदावते. शिवाय माश्या घाईनं पोटभर मध पिऊन घेतात आणि सुस्तावतात.

आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या, कोकणात ज्यांना हुमले म्हणतात, त्यांचा इशारा याहून बारकाईचा. त्यांच्या आफ्रिकेतल्या जवळच्या जातीवर १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम मला अजून थक्क करतं. एका मुंगीनं सोडलेल्या एकाच थेंबात चार मुख्य घटक निघाले. सगळ्यात हलका हेक्झानल झटकन पसरतो, लांबच्या मुंग्या सावध होतात. त्यामागून हेक्झानॉल त्यांना जवळ ओढतो. उरलेले दोन जड घटक थेंबाच्या जागीच रेंगाळतात, आणि तिथं पोचलेली मुंगी त्यांच्या वासानं चावा घेते. सावध व्हा, या, चावा: तीन हुकूम, तेही योग्य क्रमानं, केवळ रेणूंच्या वजनातल्या फरकावर. फांदी हलवणाऱ्याला यातला शेवटचा तेवढा कळतो.

ओळखीचा वास हा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. प्रत्येक मुंगीच्या अंगावर लांब साखळीच्या हायड्रोकार्बनचा पातळ थर असतो. एकमेकींना चाटून, तोंडातलं अन्न वाटून वारुळातल्या सगळ्यांचा हा थर सारखा होतो. दोन मुंग्या समोरासमोर आल्या की शृंगिका एकमेकींच्या अंगावरून फिरवतात ती ही तपासणी. मिश्रण जुळलं तर पुढे जा, नाही तर भांडण. मेलेली मुंगीसुद्धा अशीच ओळखली जाते. विल्सन यांनी १९५८ मध्ये दाखवलं की मुंगी मेल्यावर दोनेक दिवसांत तिच्यात ओलेइक ॲसिड जमतं आणि तो वास आल्यावरच तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकतात. मग त्यांनी जिवंत मुंग्यांना तेच ॲसिड लावलं. त्या पाय झाडत होत्या, तरी बाकीच्यांनी त्यांना खुशाल उचलून स्मशानात नेऊन टाकलं. त्या परत आल्या की पुन्हा उचलायच्या. अंग चाटून स्वच्छ करेपर्यंत हा प्रकार चालू राहिला.

वास काढून घेतला तर मुंगीचं काय होतं, हेही आता माहीत आहे. मुंग्यांमध्ये वास ओळखणारी साडेतीनशे-चारशे प्रकारची ग्राहक प्रथिनं असतात. केळ्यावर घिरट्या घालणाऱ्या चिलटात साधारण साठ. या बहुतेक ग्राहकांना काम करण्यासाठी 'ऑर्को' नावाचं एक जोडीदार प्रथिन लागतं. २०१७ मध्ये दोन गटांनी जनुक-संपादन करून ऑर्को नसलेल्या मुंग्या तयार केल्या. त्यातली एक जात हार्पेग्नाथॉस सॅल्टेटर, उड्या मारणारी आपली भारतीय मुंगी. या मुंग्या घर सोडून भटकू लागल्या आणि बाकीच्यांशी त्यांचा नेहमीचा व्यवहारच राहिला नाही. दुसऱ्या जातीत तर त्यांना माग धरता येईना. अर्थात मुंगी म्हणजे निव्वळ नाक असंही समजू नये. सहाराच्या वाळूत माग टिकत नाही, म्हणून तिथली कॅटाग्लिफिस मुंगी सूर्यप्रकाशाची दिशा आणि स्वतःची पावलं यांच्या हिशेबावर घरी परतते.

जाता जाता गांधीलमाशीचं एक. आपल्याकडे घराच्या वळचणीला कागदी पोळं करणारी रोपालिडिया मार्जिनाटा ही जात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं अभ्यासली. हिची राणी दांडगाई करत नाही, अगदी गरीब असते. पोट पोळ्यावर घासून ड्यूफोर ग्रंथीचा वास लावते, आणि तेवढ्यावर कामकरी माश्या अंडी घालायच्या फंदात पडत नाहीत. राणी काढून घेतली की काही मिनिटांत त्यांच्यातली एक अचानक आक्रमक होते. पुढची राणी तीच.

आता पतंग, म्हणजे माझा विषय. जगात पहिल्यांदा रासायनिक ओळख पटलेलं फेरोमोन रेशमाच्या पतंगाच्या मादीचं, बॉम्बिकॉल. जर्मनीत ॲडॉल्फ ब्युटेनांट यांनी वीसेक वर्षं खपून, सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथींमधून काही मिलिग्रॅम माल मिळवला आणि १९५९ मध्ये त्याची रचना जाहीर केली. नराच्या पिसासारख्या शृंगिकेवर हजारो केस असतात, आणि त्यांतल्या पेशी या वासाच्या एका रेणूलाही प्रतिसाद देतात.

पण नर वासाच्या दिशेनं सरळ उडत जातो हे चित्र चुकीचं आहे. वाऱ्यावर वास सलग पट्ट्यानं येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येतो. वासाचा झोत लागला की नर वाऱ्याच्या विरुद्ध पुढे झेपावतो. झोत तुटला की पुढे जाणं थांबवून आडवा, डावी-उजवीकडे झोके घेत हरवलेला वास शोधतो. हे जमायला आधीचा वास शृंगिकेतून झटकन नाहीसा व्हावा लागतो, आणि त्यासाठी तिथं तो रेणू मोडून टाकणारी विकरं असतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

दुसरं, निरोप एका रसायनात क्वचितच असतो, तो प्रमाणात असतो. हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या मादीच्या वासात दोन मुख्य घटक साधारण ९७ ला ३ या प्रमाणात असतात. तंबाखूवर जाणारी तिची चुलत जात तेच दोन घटक जवळपास उलट्या प्रमाणात सोडते. माल तोच, पण एकीचा नर दुसरीकडे सहसा फिरकत नाही. गुलाबी बोंडअळीचं फेरोमोन, गॉसिप्लूर, १९७३ मध्ये ओळखलं गेलं. त्यात एकाच रसायनाची दोन रूपं निम्मी-निम्मी असतात. म्हणूनच चुकीचं ल्यूर, म्हणजे वासाचं आमिष, लावलेला सापळा रिकामा राहिला तर शेतात कीड नाही असं समजू नका. पाकिटावरचं किडीचं नाव वाचा. एका किडीचं ल्यूर हाताळून त्याच हातानं दुसरीचं लावू नका, आणि तंबाखू मळलेल्या हातानं तर मुळीच नको.

तर सापळे लावूनही बोंडअळी का येते? कामगंध सापळ्यात फक्त नर येतो. अंडी घालणारी मादी त्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण तो वास तिच्यासाठी नाहीच. आणि एक नर अनेक माद्यांशी मिलन करतो. शंभरातले सत्तर नर सापळ्यात गेले तरी उरलेले तीस जवळपास सगळ्या माद्यांना पुरून उरतात. पतंग वाढले की सापळ्याला शेतातल्या खऱ्या माद्यांशी स्पर्धा करावी लागते, तेव्हा त्याची ओढ आणखी कमी पडते. शिवाय शेजारच्या फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपूनही ठेवलेल्या कपाशीच्या, शेतात मिलन झालेली मादी उडत येऊन तुमच्या बोंडावर अंडी घालणार, तिला कुठला सापळा अडवणार? सापळा हा ताप मोजायचा थर्मामीटर आहे. तो काखेत धरून ताप उतरत नाही, पण तो न लावता औषध देणाऱ्याचंही काही खरं नाही.

मोजायचं कसं तेही सांगतो. लागवडीनंतर साधारण ४५ दिवसांनी एकरी २ सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावा, आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. सापळ्यात दररोज ८ नर, असे सलग ३ दिवस आले की ती आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करायची वेळ. 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. आठवड्यानं जाऊन सगळे एकदम मोजले तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही, म्हणून पिशवी रोज रिकामी करा. सोबत शेतात फिरून गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या शोधा आणि २० हिरवी बोंडं फोडून बघा. त्यात २ किडकी निघाली तरी पातळी ओलांडली. अंडं फुटायला तीन ते पाच दिवस लागतात आणि अळी एकदा बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. सापळा तुम्हाला देतो ते हे थोडे दिवस. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फुटायला लागल्यावर गुलाबी बोंडअळीसाठी जी धावपळ झाली, ती हे दिवस हातचे गेल्यावरची होती.

ल्यूर रबरी असतं, त्यातून वास हळूहळू सुटतो. उन्हात तो लवकर संपतो. साधारण तीन ते चार आठवड्यांनी, पाकिटावर लिहिलंय त्याप्रमाणे बदला. न फोडलेली पाकिटं फ्रीजमध्ये ठेवा. जुनं ल्यूर मात्र बांधावर फेकू नका, पुरून टाका. त्यात उरलेला थोडासा वासही आसपासच्या नरांची दिशाभूल करतो आणि सापळ्याचा आकडा बिघडतो.

वासानं कीड रोखायचीच असेल तर दुसरी वाट आहे, मिलनात अडथळा आणण्याची. शेतभर दोऱ्या, नळ्या किंवा मलमासारखा लेप लावून हवेत गॉसिप्लूर इतका भरायचा की नराला खऱ्या मादीचा झोत वेगळा ओळखूच येऊ नये. वर सांगितलेली ती तुकड्या-तुकड्यांची हवा आठवा. हा उपाय तिचाच घोटाळा करतो. अमेरिकेत असा वापर १९७८ पासून आहे. तिथं बीटी कपाशी, हा उपाय आणि नपुंसक पतंग सोडणं यांच्या जोडीनं गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन झाल्याचं २०१८ मध्ये सरकारनं जाहीर केलं. पण आपल्याकडे पाच एकरवाल्यानं एकट्यानं हे केलं तर बाहेरून मिलन होऊन आलेली मादी सगळ्या खर्चावर पाणी फिरवते. शंभर-दोनशे एकरांचा सलग पट्टा, म्हणजे निम्मं गाव तरी एकत्र आलं तरच यात पैसे घाला. तेवढी एकी नसेल तर मी सरळ सांगतो: ते पैसे हंगाम वेळेत संपवण्यावर आणि पऱ्हाट्या काढून टाकण्यावर खर्च करा.

शेवटचा पोटप्रश्न होता: मग आंब्याच्या बागेत फळमाशीचा सापळा एवढा कसा चालतो, तिथंही नरच येतात ना? येतात. पण तिथलं आमिष मादीचा वास नाही. फ्रँक हौलेट या कीटकशास्त्रज्ञानं बिहारमधल्या पुसा इथं १९१२ मध्ये नोंदवलं की गवती तेलाकडे, सिट्रोनेलाकडे, फळमाशीचे नर झुंडीनं येतात. पुढे कळलं की त्यामागचं रसायन मिथाईल युजेनॉल. ते तुळशीतही असतं. नर ते खातात आणि त्यातूनच स्वतःचा मादीला ओढणारा वास बनवतात. म्हणजे सापळ्याची स्पर्धा मादीशी नसतेच, आणि ओढ इतकी जबरदस्त की सोबत कीटकनाशक असलं तर जवळपास सगळे नर मिलनाआधी संपवता येतात. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात एवढ्याच उपायानं ही माशी नाहीशी केली होती. आंबा, पेरू, चिकूच्या बागेत हे सापळे फळ पक्व व्हायच्या बरेच आधी लावा आणि गळलेली फळं रोज गोळा करून पुरा, कारण आधीच मिलन झालेल्या माद्या त्यातच पिढी वाढवतात. दोडका, कारली, काकडीवर मात्र मिथाईल युजेनॉल लावून उपयोग नाही. तिथली माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर लागतं.